अभ्यासिकेची किल्ली

आमच्या गावात अभ्यासिका आहे. दोन खोल्या, सहा टेबलं, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि दाराशी कोनशिला. कोनशिलेवर अकरा नावं आहेत, मी मोजलीत. संध्याकाळी सातनंतर ती किती वेळा उघडी दिसली तेही मोजलंय, पण तो आकडा इथे लिहिला तर उगाच भांडणं लागतील.

कुलूप साडेपाचला लागतं. किल्ली ज्याच्याकडे असते त्याचा दोष नाही, त्याच्यामागे पाणीपट्टीच्या पावत्यांपासून नळाच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं लावून दिलंय. पण नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या गावात साडेपाचला पोरं असतात कुठे? कॉलेजची पोरं असतात एसटीत, दाराला लटकलेली. डिसेंबर-जानेवारीत निम्म्या पोरी द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडांची विरळणी करायला, नाहीतर उन्हाळ कांद्याच्या लागणीला. अंधार पडल्यावर हातपाय धुऊन, भाकर खाऊन जी मोकळी होतात, त्यांच्यासाठी आपण दिवसा उघडणारी खोली बांधली.

भरतीवाली पोरं पहाटे पाचला रस्त्यावर असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण, त्याची तयारी डांबरी रस्त्यावर फुकटात होते. लेखी १०० गुणांची. तिथे घोडं अडतं. परवा एक जण म्हणाला, "काका, पळायला सोबत मिळती, अभ्यासाला मिळत नाही." मग बाप कांदा विकून नाशिकच्या क्लासची फी भरतो. भाव असला तर.

माझं म्हणणं असं की आता खोल्या पुरेत. बसणाऱ्या माणसावर पैसे घाला. सात ते दहा बसेल, पोरांना नावानिशी ओळखेल, दोन दिवस आलं नाही तर घरी जाऊन विचारेल, असा एक माणूस. आणि त्याला दर महिन्याला वेळेवर मानधन. 'समाजकार्य म्हणून करा' असं त्यालाच सांगायचं आणि रंगाऱ्याचं बिल मात्र लगेच काढायचं, हे बंद करा.

सावरपाडा एक्सप्रेस म्हणून कविता राऊतचं कौतुक आपण सगळेच करतो. त्र्यंबकच्या डोंगरातल्या पाड्यावरची पोरगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. पाड्यावर काही सिंथेटिक ट्रॅक नव्हता. नाशिकला विजेंदरसिंग नावाचे प्रशिक्षक होते.

घरचंच उदाहरण देतो. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. तिथे पूर्वी बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता यायचं. माझी वहिनी तशी बीए झाली. दहावीनंतर शाळा सुटलेली, पदरात दोन लेकरं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद खरंच, पुस्तकं हातात आली. पण पुस्तकं वर्षभर फडताळात राहिली असती. विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावरचे एक सर तिच्या मागे लागले. रविवारी ती तालुक्याला दिसली नाही की दादाच्या फोनवर फोन. दादा वैतागायचा आणि तिला मोटारसायकलवर सोडून यायचा.

आता ज्यांना कुणी मोजतच नाही त्यांचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, लेकरंही येतात. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. गेल्या हंगामात माझ्या शेडवर सात मुलं होती, कार्ड एकाकडेही नव्हतं. मग मीच बसलो रात्री बल्ब लावून. मी शिक्षक नाही, बीएस्सी ॲग्री. पहिल्या दिवशी फळ्यावर गणितं घातली, सगळी गप्प. दुसऱ्या दिवशी विचारलं, एकराचा उक्ता एवढा, टोळीत बारा माणसं, मुकादमाचं वजा केलं, तर तुझ्या आयच्या वाट्याला किती? पेठकडची दहा-अकरा वर्षांची पोरगी, घरी कोकणा बोली बोलणारी, तिनं तोंडी उत्तर दिलं. बरोबर होतं. मुकादमाला हा अभ्यासक्रम फारसा आवडला नाही, ती गोष्ट वेगळी. यंदा आमच्या गावातलीही चार पोरं येऊन बसतात. मुली येत नाहीत. शेडपर्यंतच्या रस्त्यावर दिवा नाही, आणि एका पुरुषाच्या शेडवर रात्री पोरगी कोण पाठवेल? मी बाप असून मीही नसती पाठवली.

पैसे कुठून आणायचे, हे विचारणारे येतीलच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मुलींसाठी अभ्यासिकेत संध्याकाळी एखादी ताई बसवली, तर तिचं मानधन त्यातून का देऊ नये? गेल्या ग्रामसभेत हेच तोंडी विचारलं तर 'विषयपत्रिकेवर नाही' म्हणून खाली बसवलं. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज लेखी दिलाय, पोच घेतलीय. गावातल्यांनी निदान त्या दिवशी चहा घेऊन निघून जाऊ नका. कोरम लागतो.

उद्या संध्याकाळी फवारणी आहे, त्यामुळे शेड सातऐवजी साडेआठला उघडेन. पोरांपर्यंत निरोप पोचवा. आणि कुणाकडे जुना फळा पडला असेल तर सांगा, माझ्या फळ्याला भेग पडलीय.