खुलासा : झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं नाही

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली की अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो.’ हे चूक आहे.

एएमटीत (ऑटोमॅटिकचा एक प्रकार) गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. फक्त क्लच-गिअर ड्रायव्हरऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे आपोआप हलवणारी यंत्रणा, हलवतो. तिथे झटक्यामागे बहुधा झिजलेली क्लचप्लेट, ॲक्च्युएटरची गळती, बिघडलेलं कॅलिब्रेशन, नाहीतर चक्क कमजोर बॅटरी.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक गाडीत आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. कमी असेल तर गळती शोधा. ऑइल स्वच्छ असून झटके असतील तर सोलेनॉइड (ऑइलचा दाब सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटांचा ठोकळा) तपासा. ते सुटे बदलता येतात. गिअरबॉक्सखालच्या ऑइल पॅनमधल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी गाळ असतोच, त्याला घाबरू नका. पण ऑइल काळं, जळका वास, धातूचे तुकडे आणि गिअर घसरतोय, तर मात्र ओव्हरहॉल (खोलून दुरुस्ती) की दुसरं युनिट (अख्खा गिअरबॉक्स), हा हिशेब लिखित कोटेशन घेऊनच करा. युनिट बदललं आणि ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याचे पाइप धुतले नाहीत, तर जुना चुरा नव्यात जातो.

गॅरेजच्या स्कॅनरवर दिसणारा पी०७०० हा दोष-कोड फक्त ‘दोष नोंदलाय’ एवढंच सांगतो. गिअरबॉक्स कंट्रोलरमधला पुढचा कोड वाचायला लावा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.