चमकत नाही म्हणून परत

परवा समोरच्या काकूंनी माझी एचडी डीव्हीडी, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली, जास्त माहिती मावणारी सिनेमाची तबकडी, परत केली. "चमकत नाही रे ही," म्हणाल्या. वर तंगूसही परत दिला, गाठीसकट.

दादरमध्ये कबुतरं किती, हे सांगायला नको. काकूंना खिडकीच्या ग्रिलला टांगायला जुन्या तबकड्या हव्या होत्या. मी औदार्याच्या झटक्यात सगळ्यात भारी काढून दिली. मेहुण्याने २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून प्लेअर आणला, त्यासोबतची ती. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं आणि तिकडे उरलेला माल मातीमोल झाला होता. म्हणजे मेहुण्याने तेराव्याचा लाडू आहेर म्हणून आणला. प्लेअर ११० व्होल्टचा, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. एवढंच बरं की एचडी डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप नव्हतं. डीव्हीडीच्या नकाशात आपण पाचव्या भागात, तिची प्रतिस्पर्धी तबकडी ब्ल्यू-रे, तिच्या नकाशात 'सी' मध्ये, आणि भलत्या भागातली तबकडी घातली की प्लेअर सरळ नाही म्हणतो. या बिचारीने अशी शिवाशिव कधी पाळली नाही.

"काकू, अहो, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतं. हिच्यात १५ मावतं. तरी बाजारात हरली बिचारी."

"मावत असेल. चमकत का नाही?"

आता याला खरं उत्तर आहे, आणि तेच जास्त लागलं. तबकडीवर माहितीची सर्पिल रेघ असते. जुन्या व्हीसीडीत रेघेच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर, डीव्हीडीत ०.७४, एचडी डीव्हीडीत ०.४, ब्ल्यू-रेत ०.३२. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. रेघा ऐसपैस असल्या की उजेड फुटून सगळे रंग चहूकडे उडतात. दाटीवाटीच्या असल्या की रंग दिसले तर फार तिरक्या कोनातून, तेही निळसर आणि कंजूष. माहिती जेवढी ठासून भरावी तेवढं इंद्रधनुष्य आटतं. बाजारात हरत आलेली व्हीसीडी कबुतरांपुढे सगळ्यांची आजी ठरते.

"म्हणजे जुनी दे," काकू म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. "आणि ही कोणाशी हरली म्हणालास?"

मी पुरणपोळीपासून सुरुवात केली. डीव्हीडी म्हणजे पुरणपोळी. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या, मध्ये पुरण, सगळं डिंकाने चिकटवलेलं. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तीच पोळी ठेवली, पुरण तेवढं बारीक वाटलं. फायदा असा की डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या फेरबदलाने ती निघते. ब्ल्यू-रे म्हणजे भाकरी. खाली १.१ मिलिमीटरचा जाड थर आणि माहिती वरच्या अंगाला, लोण्यासारखी. तिच्यावर फक्त ०.१ मिलिमीटरचं पांघरूण. लेसर दोघींचा तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. पण माहिती जवळ असल्यामुळे भाकरीवाल्यांना भिंग जास्त तीव्र वापरता येतं, ठिपका बारीक पडतो आणि एका थरात २५ जीबी बसतं.

"लोणी वर असलं तर बोटाला लागणार," काकू म्हणाल्या.

मी गप्प झालो. नेमका हाच प्रश्न जपानी इंजिनिअरांना पडला होता. ब्ल्यू-रे आधी प्लास्टिकच्या डबीत बंद करून द्यायची, जेणेकरून ओरखडे उठू नयेत. पुढे टीडीके कंपनीने कडक लेप काढला आणि डबी सुटली.

"मग जिंकली कोण?"

"भाकरी."

"शक्यच नाही," म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी सुनेलाही हाक मारली, "ऐकलंस का, पुरणपोळी हरली म्हणे!"

आता त्यांना कसं सांगू, की चवीचा मुद्दा फारसा नव्हताच. ब्ल्यू-रेवाल्या सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ काढलं, त्याच्या पोटातच ब्ल्यू-रे होती. पोरं गेम खेळायला घेऊन गेली आणि भाकरी न मागता घरोघरी पोचली. मायक्रोसॉफ्टचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र त्यांच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्राला बाहेरून, वेगळे पैसे मोजून लावायचा. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओने जाहीर केलं की यापुढे फक्त ब्ल्यू-रे. पुढे दीड महिन्यात कारभार आटोपला. सोनी आधी एकदा पोळलेली होती. तिचं १९७५ चं व्हिडिओ कॅसेटचं बीटामॅक्स तासाभराचं, ते ज्याच्याशी हरलं ते १९७६ चं व्हीएचएस दोन तासांचं. तीन तासांच्या हिंदी सिनेमापुढे दोघंही तोकडे. आपल्याकडे तीन तासांची ई-१८० कॅसेट आली म्हणून नाच-गाणी वाचली. व्हीसीडीत ७४ मिनिटं, म्हणजे सिनेमा दोन नाहीतर तीन तुकड्यांत, आणि नायिका जिना उतरताना आपण उठून चकती बदलायची.

आणि प्रत्येक वेळी पैसे आपले. एकच सिनेमा मी कॅसेटवर घेतला, व्हीसीडीवर घेतला, डीव्हीडीवर घेतला, ब्ल्यू-रेवर घेतला. दर वेळी दुकानदाराने शपथ घातली की ही आता कायमची. हल्ली ऑनलाइन सिनेमाचं दर महिन्याला भाडं भरायचं आणि एक दिवस सिनेमा तिथून उडालेला असतो. कबुतर तरी परत येतं.

असो. व्हीसीडी दिली. टांगायची रीतही सांगितली: दोन चकत्या पाठीला पाठ, चकाकी बाहेर, मधल्या १५ मिलिमीटरच्या भोकातून तंगूस, आणि ग्रिलपासून वीतभर लांब, नाहीतर रात्रभर खडखडते. आठवड्याने जागा बदला. कबुतरांना कळायला तेवढे दिवस पुरतात. नंतर ती वर बसून खाली बघतात.

काकूंनी व्हीसीडी उन्हात धरून बघितली, "हां, ही चमकते," म्हणाल्या. मग माझी एचडी डीव्हीडी हळूच परत मागितली. काल गेलो तेव्हा ती त्यांच्या चहाच्या भांड्यावर होती.

"मधे भोक आहे ना," काकू म्हणाल्या, "वाफ जाते. बरी आहे की रे!"