एसीच्या तोंडातला मणी आणि ग्रुपवरचा 'सावधान'

उन्हाळा चढला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक आमरसाचे फोटो, दुसरा हा मेसेज: 'सावधान! वायरलेस सेन्सर लावून एसी आपोआप चालवणे ही निव्वळ फसवणूक आहे.' खाली पाच कारणं. भारतातल्या एसीला थर्मोस्टॅट नसतोच, मग जोडणार काय? एसीत सेन्सर असतोच, दुसरा कशाला? बॅटरी आठवड्यात संपते. नेट गेलं की सगळं ठप्प. आणि घरात चोवीस तास रेडिएशन. यंदा तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मामांनी टाकला, खाली मला उद्देशून, 'तू हेच उद्योग करतोस न्हवं?'

करतो. मी इथल्याच उद्यमनगरात, कारखान्यात मेंटेनन्सला आहे, घरी हाच छंद आहे. तेव्हा उत्तर देणं आलं.

आधी एक गंमत बघा. पहिलं कारण म्हणतं थर्मोस्टॅट नाही, दुसरं म्हणतं सेन्सर आहेच. लिहिणाऱ्यानं दोन्ही एका दमात लिहिलंय.

थर्मोस्टॅट नाही, हे मेसेजमधल्या फोटोपुरतं खरं आहे. फोटोत भिंतीवरची गोल डबी आहे. ती अमेरिकेतली. तिकडे एकच मशीन डक्टमधून सगळ्या घराला हवा पुरवतं आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक वायरींनी त्याला चालू-बंद सांगतो. आपल्या स्प्लिट एसीला त्या वायरी नाहीत, म्हणून ती डबी मागवलीत तर पैसे पाण्यात. पण थर्मोस्टॅटचं काम एसीच्या आतला बोर्ड करतोच, आणि त्याच्याशी बोलायला रिमोट आहे. रिमोट जे सांगतो तेच इन्फ्रारेडची छोटी डबी सांगू शकते.

आता दुसरं कारण. इथं जरा थांबतो, कारण सगळी मेख इथंच आहे.

एसीचं पुढचं झाकण उघडा, जाळी काढा. कॉइलच्या पुढ्यात प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये दोन वायरींच्या टोकाला एक काळा मणी दिसेल. तो थर्मिस्टर, म्हणजे एसीचा तापमानाचा सेन्सर. 'खोलीचं तापमान' म्हणून एसी जे धरतो ते या मण्याचं. तुम्ही झोपता पलंगावर, मणी राहतो छताखाली वीतभर अंतरावर. वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊन ओकत असतो. मण्याला वाटतं खोली अजून गरमच आहे, एसी रेटत राहतो, आणि खाली तुम्ही गोधडी शोधता.

मामांकडे उलटं होतं. एसीच्या बरोबर समोर कपाट. गार हवा कपाटावर आपटून परत वर, थेट मण्याकडे. एसी समजतो झालं काम, कॉम्प्रेसर बंद, आणि पलीकडच्या पलंगावर मामी पदरानं वारा घेतायत. मग मामा रिमोट उचलून १८ करतात. कारखान्यातल्या भट्टीवर आम्ही हेच रोज बघतो. थर्मोकपलचं, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक चार इंच इकडंतिकडं झालं की पॅनेलवर आकडा बरोबर आणि भट्टीत कडक व्हायला ठेवलेला लोखंडी जॉब मऊ.

म्हणून दुसरा सेन्सर. काड्यापेटीएवढा, पलंगाजवळ, थेट वाऱ्यात नाही, उन्हाच्या भिंतीवर नाही. तो हबला, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप घेणाऱ्या घरातल्या छोट्या कॉम्प्युटरला तापमान कळवतो, हब इन्फ्रारेडच्या डबीला सांगतो, डबी एसीला. नियम साधा ठेवायचा. इन्व्हर्टर एसी असेल तर सारखा चालू-बंद करायचा नाही, फक्त सेटिंग एखाद्या डिग्रीनं वरखाली करायचं. जुना एसी असेल तर २७ ला चालू, साडेपंचवीसला बंद अशी फट ठेवायची आणि बंद झाल्यावर किमान तीन मिनिटं कॉम्प्रेसरला श्वास घेऊ द्यायचा.

बिल कमी होईल का? तुमची खोली कुठल्या जातीची आहे त्यावर आहे. पहिल्या जातीची, म्हणजे स्लॅबवाली असेल तर होईल. बीईई, म्हणजे वीजबचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या हिशेबानं दर डिग्रीमागं साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टारवाल्या एसींचं मूळ सेटिंग २४ ठेवायला लावलंय ते त्याचसाठी. मामांची खोली दुसऱ्या जातीची. तिथं सेन्सर लावला तर एसी आणखी चालेल, बिल वाढेलसुद्धा. तिथं आधी कपाट हलवा, तो उपाय फुकट आहे. आणखी एक फुकटचा: रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण आहे का बघा. असेल तर रिमोटमध्येच सेन्सर आहे. तो पलंगाजवळ ठेवा, एसीकडे तोंड करून. बऱ्याच घरी एवढ्यावर भागतं.

बॅटरी आठवड्यात संपते म्हणे. सीआर२०३२ या बटण सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. माझे सेन्सर झिगबीचे, म्हणजे वायफायसारख्याच पण फार कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतीचे. असा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि झोपेत तीन-चार मायक्रोअँपिअर खातो, म्हणजे वर्षाला तिसेक मिलिअँपिअर-तास. तापमान बदललं की क्षणभर जागा होतो, एक आकडा पाठवतो, परत झोपतो. वर्षभर सहज निघतं. तरी तक्रार खोटी नाही, माझा स्वतःचा एक सेल पंधरा दिवसांत गेला होता. सेन्सर मी फ्रिजमागं ठेवला होता. पत्र्याआड त्याला हब सापडेना, म्हणून झोपायचं सोडून तो रात्रंदिवस हाका मारत बसला. काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात हेच होतं. मध्ये एखादा झिगबीचा स्मार्ट प्लग लावला की तो निरोप पुढं ढकलतो.

दुसरी खोडी हबची. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर. राउटर चॅनेल १ किंवा ६ वर ठेवा, झिगबी चॅनेल २५ वर, म्हणजे पायात पाय येत नाहीत. आणि हब म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरत असाल, तर झिगबीची काडी, म्हणजे पेनड्राइव्हसारखा अँटेना, त्याच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट खुपसू नका, त्या पोर्टाचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. हातभर एक्स्टेंशन वायर घेऊन लांब ठेवा. माझे दोन रविवार यात गेले.

नेटचं कारण अर्धं खरं आहे. वायफायचे बरेच स्वस्त सेन्सर कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन मगच तुमच्या घरात परत येतात, नेट गेलं की मुके. पण झिगबीला इंटरनेट लागत नाही. हब घरात असेल आणि घरातली उपकरणं चालवणारी होम असिस्टंटसारखी प्रणाली त्यावरच चालत असेल, तर पावसाळ्यात आठ दिवस केबल तुटून पडली तरी फरक नाही. लाइट गेली तर? मामा, लाइट गेल्यावर एसी तरी कुठं चालतो?

रेडिएशनवर फार लिहीत नाही. हा सेन्सर काही मिलिवॉटवर, क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता बोलतो. ज्या मोबाइलवरून तो मेसेज आला तो कानाला लावून आपण तासभर गप्पा मारतो, आणि त्याचा जोर याच्या कितीतरी पट.

मेसेजवाल्याला न सुचलेली एक खरी खोट मीच सांगतो. इन्फ्रारेड एकतर्फी आहे. डबीनं 'चालू हो' म्हटलं, मध्ये कुणी उभं होतं, एसीनं ऐकलंच नाही, तरी हबच्या लेखी एसी चालू. मी एसीच्या झडपेवर दाराला लावतात तो चुंबकाचा सेन्सर चिकटवलाय. झडप उघडली तर चालू, नाहीतर हबनं परत सांगायचं. मामांना झडपेचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'कपाट हलवायला रविवारी ये. जेवायलाच ये.'