हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका

कालपासून आपल्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, फोटो परत मिळतील.' कृपया असं करू नका. डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतं. फ्रीजरमधून काढलेल्या स्टीलच्या डब्यावर दव धरतं ना, तसं तबकडीवरही धरू शकतं. त्यात ठाण्याची पावसाळी हवा. हेड घासलं की तबकडीवरचा थरच खरवडला जातो. तिथले फोटो मग कुणालाच परत आणता येत नाहीत.

आईच्या साठीशांतीचे फोटो मी असेच गमावले. फ्रीजर नव्हे, पण टक, टक असा आवाज येत असताना दहा-बारा वेळा डिस्क लावून पाहिली. तो आवाज आला की लगेच वायर काढा. रिकव्हरी सॉफ्टवेअरही चालवू नका; ते चुकून डिलीट झालेल्या फोटोंसाठी असतं, मोडलेल्या हेडसाठी नाही. डिस्क उघडायची ती धूळमुक्त खोली असलेल्या लॅबमध्येच.

नंतर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून चाळीसेक फोटो जमवले, लहान आणि धूसर. आईने त्यातले दोन छापून घेतलेत.