तारकर्लीच्या बोटीच्या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की दुसऱ्याच हंगामात इंजिनात खारं पाणी गेलं, म्हणजे एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारी नळी) आम्ही चुकीचा बसवला. शिवाय शाफ्टच्या अलाइनमेंटची, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्याची, मजुरी दोनदा लावली. तारकर्ली-देवबागचे इतर बोटवालेही हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन उघडलं तेव्हा कूलंट (इंजिनात आतल्या आत फिरून ते थंड ठेवणारं वेगळं पाणी) काठोकाठ होतं. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालचं सील) गेलं असतं तर आधी कूलंट उतरलं असतं. सिलिंडरमध्ये मिळालं ते खारं पाणी, आणि या बिनटर्बो इंजिनात त्याला आत यायला एक्झॉस्टचीच वाट आहे. मिक्सिंग एल्बो (खारं पाणी धुरात मिसळतं तो एक्झॉस्टचा वाकडा तुकडा) दाब देऊन तपासला, गळत नाही. एक्झॉस्टच्या होजची मागची उंच कमान बसवली तशीच आहे, म्हणजे लाटेचं पाणीही मागून शिरलेलं नाही.

खरं कारण तुमच्याच ओळीत आहे: ‘बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला, तरी सुरू होईना.’ सेल्फवर इंजिन फिरतं तेव्हा खाऱ्या पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन पेटलेलं नसलं की ते पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. आधी वॉटरलॉक (एक्झॉस्टमधलं पाणी साठवणारा डबा) भरतो, मग पाणी उलटं एल्बोपर्यंत चढतं आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमचा एक वाकलाय. (सुरू न होण्याचं मूळ साधंच होतं: डिझेल फिल्टरच्या वाटीत पाणी साचलं होतं.)

दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन सेल्फ फुकट गेले की समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन पेटल्याबरोबर तो उघडा. विसरलात तर कोरड्या पंपात इम्पेलरचं (पाणी ढकलणाऱ्या चक्राचं) रबर बघता बघता जळतं. पाणी आत गेल्याची नुसती शंका आली तरी सेल्फला हात लावू नका. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, ऑइल बदला, आणि हे त्याच दिवशी करा. खारं पाणी आत राहिलं की पिस्टनच्या रिंगा गंजून जाम होतात.

अलाइनमेंटचं म्हणाल तर किनाऱ्यावर टेकूंवर उभी बोट आणि पाण्यातली बोट यांचा तळ सारखा बसत नाही. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या 100 मिमीच्या कपलिंगला चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फरक 0.1 मिमीच्या आत हवा, आणि ते माप पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनी घेतलेलंच खरं. किनाऱ्यावरचं फक्त अंदाजापुरतं. पाण्यातल्या या दुसऱ्या कामाची मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली होती.

रॉड, गॅस्केट सेट आणि मजुरी यांचा खर्च तुमच्याकडेच राहील. वॉटरलॉकच्या तळाला ड्रेन कॉक बसवलाय, त्याचे पैसे लावलेले नाहीत. बोट न्यायला याल तेव्हा तांडेलालाही (बोट चालवणाऱ्यालाही) आणा, दोन्ही कॉक त्याला दाखवायचेत.