भाडे कायदा उठवला की मुंबईत घरे स्वस्त होतील?

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश आमच्या सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या वर्गाच्या आणि नातेवाइकांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप गटांवर फिरून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मुंबईतली घरे भाडे नियंत्रण कायद्याने महाग केली, या कायद्याच्या धास्तीने शहरात पाच लाख घरे कुलूप लावून ठेवली आहेत, जुन्या इमारती पडतात त्या चाळीस-पन्नास रुपये भाड्यामुळे, भाडेकरू फुकटात राहतात, आणि हा कायदा उद्या रद्द केला, तर भाडी उतरतील, झोपड्या कमी होतील, फुटपाथ मोकळे होतील. लिहिणाऱ्याने काहीच वाचलेले नाही असे मी म्हणणार नाही, कारण यातली बरीच विधाने १९८०च्या सुमारास कोणी केली असती, तर मीही मान डोलावली असती.

मुळात संदेशात ज्याला ‘१९४७चा कायदा’ म्हटले आहे, तो आता अस्तित्वातच नाही. त्या कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले होते, आणि ही तरतूद काळाच्या ओघात वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७मध्ये स्पष्ट सांगितले. त्यानंतर आलेला १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची सोय आहे आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले आहे. चार टक्के कशावर, हा मालकांचा प्रश्न रास्त आहे, कारण मूळ आकडाच चिमुकला असेल, तर त्याचे चार टक्के म्हणजे चहाचेही पैसे होत नाहीत. माझ्या मामांच्या गिरगावातल्या खोलीच्या रसिदेवर मूळ भाडे एकेचाळीस रुपये आहे. त्याखालच्या दुरुस्ती उपकर आणि पालिकेचे कर या ओळींची बेरीज भाड्याच्या कितीतरी पट भरते, आणि त्यातले काही मालकाच्या खिशात जात नाही.

परंतु आज अंधेरीत किंवा मुलुंडला जे जोडपे पंचेचाळीस हजार रुपये मोजून वन बीएचके घेते, त्याचा या रसिदेशी काही संबंध नाही. ते जोडपे कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. ते लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापर-परवान्यावर राहते, त्याची रक्कम करारात जी ठरेल ती असते आणि तिला कायद्याची कमाल मर्यादा नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्या बाजारातले भाडे डोळे पांढरे करते, तो बाजार आधीच नियंत्रणाबाहेर आहे.

आता कुलूपबंद घरे. आकडा साधारण बरोबर आहे: २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली, आणि २०१७-१८च्या आर्थिक पाहणीनेही मुंबईचा क्रमांक याबाबत पहिला असल्याचे नोंदवले. मात्र त्याच पाहणीने कारणे देताना मालमत्तेच्या हक्कांतली संदिग्धता आणि करारांची ढिली अंमलबजावणी यांच्या जोडीला भाड्यातून मिळणारा तोकडा परतावाही मांडला होता, तो संदेशात गळाला. मालकांच्या मनातली भीती खोटी नव्हती. १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरू करून टाकले, आणि ‘माणूस ठेवला की जागा गेली’ हे वाक्य पुढच्या पिढीने घराघरात ऐकले. पण आज कांदिवलीच्या टॉवरमधला विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्या भीतीपोटी बंद नाही. दीड कोटींच्या फ्लॅटला महिना चाळीस हजार भाडे आले, तर वर्षाचे होतात ४ लाख ८० हजार, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, ब्रोकरचा महिना आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे दिवस वजा करा. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा बरी. ज्याने फ्लॅट किंमत चढण्यासाठी घेतला आहे, त्याला भाडे हे किरकोळ उत्पन्न असते आणि रंग उडण्याची कटकट मोठी. भाडे कायद्याच्या खऱ्या कुलूपबंद खोल्या पाहायच्या असतील, तर गिरगाव-काळबादेवीत पाहाव्यात: भाडेकरू डोंबिवलीला राहायला गेला, पण रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा हक्क राहावा म्हणून खोलीला कुलूप. हा प्रकार मी नाकारत नाही, आणि तो बंद व्हावा असेच माझे मत आहे.

जुन्या इमारतींचा मुद्दा संदेशातला सर्वांत वजनदार आहे. गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती परवडत नव्हती, हे उघड होते म्हणूनच १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. तेव्हा शहर बेटावर १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या आणि त्यांपैकी १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४०च्या आधीच्या. अशा लाकडी सांगाड्याच्या इमारतीचे वय चुन्याच्या थराखाली लपत नाही. आमच्या मामांच्या चाळीत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय दाबून ठेवायचा नाही, हे पाहुण्यांना आधी सांगावे लागे. पण पडणारी प्रत्येक इमारत भाड्यामुळे पडते, हे तपासून पाहावे. २०१३मध्ये डॉकयार्ड रोडला कोसळून ६१ जणांचा बळी घेणारी इमारत पालिकेची स्वतःची होती, तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवासाची. २०१७मध्ये घाटकोपरला साईदर्शन पडली, ती तळमजल्यावरच्या फेरफारांमुळे. त्याच वर्षी भेंडी बाजारातल्या हुसैनी इमारतीने ३३ माणसे नेली, आणि ती मात्र जुन्या, पुनर्विकासाच्या रांगेतल्या इमारतींपैकी होती.

शिवाय आज जुन्या इमारतीला अडवून ठेवणारी गोष्ट भाडे ही नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली भाडेकरूला नवे घर विनामूल्य देऊन बिल्डरला विक्रीसाठी वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या आकाराच्या प्रमाणात जादा बांधकामाची परवानगी, मिळतो. मग काम रखडते ते भूखंड हातरुमालाएवढा असल्याने, मालकाच्या सात वारसांच्या भांडणाने, किंवा बिल्डरच मध्ये पळून गेल्याने. माझ्या एका मावशीचे कुटुंब ‘तीन वर्षांसाठी’ म्हणून ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे इमारत बांधून होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेले आणि तिच्या नातीचे बारसे तिथेच झाले. त्या बिल्डरचे नाव घेण्यात आता अर्थ नाही.

फुकट्या भाडेकरूंविषयी थोडेच लिहितो. बहुतेकांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पागडी, म्हणजे खोली घेताना द्यायची एकरकमी मोठी रक्कम, मोजलेली आहे, रसीद दुसऱ्याच्या नावावर होताना मालक आपला हिस्सा घेतो, आणि १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ने हा व्यवहार कायदेशीरही केला आहे. मलबार हिलला प्रशस्त ब्लॉक अडवून काही शे रुपये भरणाऱ्याची बाजू मात्र मी घेणार नाही. त्याच्यासाठी उत्पन्नाची अट घाला. परळच्या विधवा बाईला त्याच तागडीत कशाला टाकता?

भाडी उतरतील, हे सर्वांत पक्के समजले जाणारे विधान हिशेबात टिकत नाही. कुलूपबंद खोल्या सोडल्या, तर प्रत्येक संरक्षित खोलीत आज एक कुटुंब राहते आहे. खोली बाजारात आली की ते कुटुंबही घर शोधायला बाजारात येते. एक घर वाढले, एक गिऱ्हाईक वाढले. घरांची संख्या तीच राहिली, आणि नव्या भाड्याला परवडणारा माणूस परळला आला, जुना अंबरनाथला गेला.

संख्या वाढू न देण्याची कारणे निराळ्या खात्यात सापडतील. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ पर्यंत टिकला. १९९१च्या नियमावलीने एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरांत १ ठेवला, वरचा एफएसआय प्रीमियम भरून घ्यायचा. कापड गिरण्यांच्या सुमारे ६०० एकरांतून शहराला मिळू शकणारा वाटा याच नियमावलीच्या २००१च्या दुरुस्तीने फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. यातले काहीही भाडे कायद्यात लिहिलेले नाही.

शेवटी झोपड्या आणि फुटपाथ. २०११मध्ये बृहन्मुंबईतले जवळपास ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. तिथेही भाड्याचा मोठा बाजार आहे, आणि व्यवहारात तिथे कोणताही भाडे कायदा फिरकत नाही: गोवंडीत दहा बाय दहाच्या खोलीला डिपॉझिट, महिन्याचे भाडे आणि अकरा महिन्यांनी वाढ, सगळे तोंडी. नियंत्रणमुक्त बाजाराने घरे स्वस्त होत असती, तर सर्वांत आधी गोवंडीत झाली असती. तीच झोपडी पुनर्वसनात गेली, की घर मिळते झोपडीधारकाला. भाड्याने राहणारा पुन्हा रस्त्यावर.

आणि त्याच जनगणनेने मोजलेले सुमारे ५७ हजार बेघर तर भाडे कायद्याच्या कोणत्याच बाजूला नाहीत. लाख लोकसंख्येमागे एक निवारा, हा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला निकष लावला, तर या शहराला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. माटुंग्याच्या पुलाखाली रोज रात्री नऊनंतर निळी ताडपत्री बांधणारा एक नाका कामगार मला ओळखतो. खोली का घेत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्याने भाड्याचा उल्लेखही केला नाही. ‘डिपॉझिट चाळीस हजार सांगतात, साहेब,’ तो म्हणाला, ‘आणि आधार कार्डावरचा पत्ता गावचा आहे.’