डेकॅडन्स, रोम आणि भोगविलास: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

इंग्रजी शब्दांचे ‘मूळ अर्थ’ सांगणाऱ्या मजकुरांत डेकॅडन्स (decadence) या शब्दाविषयीचा एक दावा वारंवार दिसतो. तो थोडक्यात असा: हा शब्द रोमन लोकांनीच स्वतःच्या घसरणीसाठी घडवला. तो डेकेड (decade), म्हणजे दशक, यावरून आला. त्याचा अर्थ पहिल्यापासून भोगविलासातून होणारा नैतिक अधःपात असाच आहे. रोम भोगात बुडाले म्हणून साम्राज्य बुडाले, आणि शब्दच त्याची साक्ष देतो. हा शेवटचा धागा आजच्या तरुण पिढीला झोडपायला सर्रास वापरला जातो, म्हणून दावा नीट तपासायला हवा.

‘डेकेडवरून डेकॅडन्स’ हा मुद्दा लगेच निकालात निघतो. डेकेडचे मूळ ग्रीक ‘डेका’, म्हणजे दहा. आपला ‘दश’ त्याच कुळातला. डेकॅडन्समध्ये मात्र ‘डे’ म्हणजे खाली आणि पुढचा भाग लॅटिन ‘काडेरे’, म्हणजे पडणे. अ‍ॅक्सिडेंट, कॅस्केड, डिके हे सगळे याच ‘पडण्या’तून निघाले. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची पहिली सहा अक्षरे सारखी दिसतात, एवढाच त्यांचा संबंध.

‘रोमन लोकांचा शब्द’ हेही खरे नाही. ‘डेकाडेन्शिया’ हे रूप मध्ययुगीन लॅटिनमधले आहे. तिथून ते फ्रेंचमध्ये गेले आणि फ्रेंचमधून सोळाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीत आले. सॅलस्ट किंवा लिव्ही हे रोमन इतिहासकार नीतीच्या घसरणीबद्दल तळमळीने लिहितात, पण त्यांचे शब्द वेगळे आहेत: ‘लुक्सुरिया’ म्हणजे चैन, ‘अवारितिया’ म्हणजे हाव, ‘मोरेस’ म्हणजे रीतीभाती. तक्रार रोमन लोकांची होती, पण तिच्यावर डेकॅडन्सचे लेबल लावले ते शेकडो वर्षांनंतरच्या युरोपने.

आता मुख्य मुद्दा: ‘अर्थ पहिल्यापासून नैतिक’. जुने वापर पाहिले की हे कोलमडते. 1549 च्या सुमारास स्कॉट्स भाषेतल्या एका ग्रंथात स्कॉटलंड देश स्त्रीरूपाने विलाप करतो आणि आपले वैभव ‘डेकॅडन्स’मध्ये गेले म्हणतो. तेव्हा इंग्लंडशी युद्ध चालू होते, 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत दारुण पराभव झाला होता. म्हणजे इथे शब्द सांगतो ती राज्याची पडती दशा. 1762 मध्ये लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ लिहितो की अभिरुची आणि प्रतिभा यांच्या ‘डेकॅडन्स’बद्दल रोज कुणीतरी गळा काढत असतो. इथे विषय कलेचा.

सर्वांत बोलका वापर स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या 1815 च्या ‘गाय मॅनरिंग’ या कादंबरीत, दुसऱ्याच प्रकरणात आहे. एलनगोवनचे बर्ट्रम हे जुने जमीनदार घराणे. चुकीच्या बाजू घेत, जमिनी गमावत ते खंक झालेले. पडक्या गढीत हे कुटुंब आपल्या ‘डेकॅडन्स’मध्ये राहत होते, फर्लटखाली उंदीर राहावा तसे, असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून येते. फर्लट म्हणजे धान्य मोजायचे स्कॉटिश माप. मापाखाली अंग चोरून बसलेला उंदीर! या चित्रात चैन कुठे आहे? इथे डेकॅडन्स म्हणजे दारिद्र्य, घराण्याला आलेली उतरती कळा. आज हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर येणाऱ्या मेजवान्यांच्या नेमके उलटे.

नैतिक छटा अजिबात नव्हती, असे मात्र कुणी समजू नये. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू 1734 मध्ये रोमनांच्या मोठेपणावर आणि ‘देकादाँस’वर लिहितो तेव्हा नागरी सद्‌गुणांचा क्षय हा त्याच्या कारणांपैकी एक आहे. पण अतिविस्तार आणि सेनापतींची सेना होऊन बसलेले सैन्य ही कारणेही तो तितक्याच जोराने मांडतो. छटा अनेकांपैकी एक होती. ती शब्दाला घट्ट चिकटली एकोणिसाव्या शतकात, आणि तेही साहित्याच्या भांडणातून.

1834 मध्ये फ्रेंच समीक्षक निझार याने उत्तरकालीन लॅटिन कवींवर ‘डेकॅडन्सचे कवी’ असा शिक्का मारला. त्याचा आक्षेप शैलीवर होता: वर्णनाचा अतिरेक, पुस्तकी पांडित्य, तपशिलापुढे हरवलेला आशय. रोख होता समकालीन रोमँटिक कवींवर. 1868 मध्ये फ्रेंच कवी गोतिएने समकालीन कवी बोदलेअरच्या कवितांना प्रस्तावना लिहिताना तीच शैली गुंतागुंतीची आणि सूक्ष्म म्हणून गौरवली. 1883 मध्ये कवी व्हर्लेनने ‘मी म्हणजे डेकॅडन्सच्या शेवटचे साम्राज्य’ अशी कविता सुरू केली आणि 1886 मध्ये पॅरिसमध्ये ‘ल देकादाँ’ नावाचे नियतकालिकच निघाले. शिवी अभिमानाने मिरवली जाऊ लागली. इंग्रजीत समीक्षक आर्थर सायमन्सने 1893 मध्ये या चळवळीवर निबंध लिहिला. दोनच वर्षांनी लेखक ऑस्कर वाइल्डला समलिंगी संबंधांबद्दल शिक्षा झाली आणि ‘डेकॅडंट’ म्हटले की लैंगिक अनीती, हे समीकरण पक्के होत गेले. म्हणजे ‘मूळ अर्थ’ म्हणून जो पसरवला जातो, तो या प्रवासातला बऱ्याच उशिराचा टप्पा आहे.

राहिला रोमचा प्रश्न. इथे फक्त तारखा शेजारी ठेवाव्यात. आपल्याला ना आपले दोष सोसवत, ना त्यांवरचे उपाय, असे लिव्ही म्हणतो ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. त्यानंतर साम्राज्य वाढतच गेले आणि सम्राट ट्राजनच्या काळात, 117 च्या आसपास, सर्वांत मोठे झाले. भोगविलासासाठी कुप्रसिद्ध सम्राट नीरो मेला 68 मध्ये, पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला 476 मध्ये. मधे 408 वर्षे आहेत! पाचव्या शतकातला दरबार तर कडवा ख्रिस्ती होता. साम्राज्याला खिळखिळे केले ते यादवी युद्धांनी, गॉथ टोळ्यांकडून 378 मध्ये एड्रियानोपल इथे झालेल्या पराभवाने आणि 439 मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतल्यावर आटलेल्या आफ्रिकेच्या महसुलाने. पैसा नाही तर फौज नाही, इतके ते सरळ होते. आणि कॉन्स्टँटिनोपलचे पूर्व साम्राज्य 1453 पर्यंत टिकले. ‘व्होमिटोरियम’ म्हणजे खाऊन उलटी करायची खोली, ही याच माळेतली दंतकथा. तो प्रेक्षागाराचा, गर्दी बाहेर ‘ओतणारा’ मार्ग.

जुन्या मजकुरात हा शब्द आला तर तीन गोष्टी पाहाव्यात. आधी लिखाणाचे साल: 1830 च्या आधीचे असेल तर नैतिक अर्थ गृहीत धरू नये. मग ‘कशाची’ डेकॅडन्स: राज्याची, घराण्याची, अभिरुचीची की आचरणाची? शेवटी, बोलणारा तो शब्द स्वतःला लावतो की दुसऱ्याला. मोठ्या ऐतिहासिक कोशात अर्थ जुन्याकडून नव्याकडे मांडलेले असतात आणि प्रत्येकाखाली सालासह उदाहरणे असतात. नेमकी चूक होते ती उदाहरणे न वाचता फक्त व्याख्या उचलल्यामुळे.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द सगळीकडे चालत नाही. स्कॉटच्या वाक्यात ‘पडता काळ’ किंवा ‘उतरती कळा’, राज्याबद्दल ‘ऱ्हास’ किंवा ‘अवनती’, फ्रेंच कवींसाठी ‘डेकॅडंट संप्रदाय’ असेच ठेवावे. ‘अधःपात’ राखून ठेवावा तो जिथे लेखक खरोखर आचरणाबद्दल बोलतो तिथे. आणि जाहिरातीतल्या ‘डेकॅडंट चॉकलेट केक’ला हे काहीच लावू नये. तिथे अर्थ एवढाच की केक भरपूर चॉकलेटचा, तोंडात विरघळणारा आहे.